पाव आटा

दाजी आमच्या गल्लीचे जावई. सासुरवाडीला लागूनच घर बांधल्यामुळे सबंध गल्लीनं त्यांना दाजी करून टाकलं. आता तर त्यांचे सासरेही कधी कधी चुकून ‘दाजी, तेवढा पेपर द्या’ म्हणतात. एका पतसंस्थेत ते वसुली अधिकारी आहेत. कर्जदाराच्या दारात जायचं, ‘मग, कसं करायचं म्हणता?’ एवढं एकच वाक्य मऊ आवाजात बोलायचं आणि समोरचा काही कबूल करेपर्यंत उंबऱ्यावरून हलायचं नाही, ही त्यांची पद्धत. आवाज चढवणं नाही, नोटिशी नाचवणं नाही. माणसं या चिकाटीला कंटाळून पैसे भरत. २०१२ च्या पाडव्याला दाजींनी नवी गाडी घेतली आणि ही सगळी चिकाटी कार्बोरेटरच्या एका पितळी स्क्रूमागे लागली.

गाडी घेण्यात चूक काही नव्हती. हीरो आणि होंडा यांनी चूल वेगळी मांडल्यावर, २०११ साली हीरोनं इम्पल्स ही मोटरसायकल आणली होती, दाजींनी तीच घेतली. दीडशे सीसी, उंच मडगार्ड, लांब शॉकॲब्सॉर्बर, खड्डा दिसला की हसत जाणारी. जाहिरातीत ती दगडधोंड्यांवरून उडत असे. दाजींना उडायचं नव्हतं. त्यांचे कर्जदार करवीर, पन्हाळा, शाहूवाडी या तालुक्यांत पाणंदींच्या टोकाला राहायचे, आणि पावसाळ्यात त्या पाणंदींत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून चालणाऱ्या माणसाची चप्पल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे होत असे. साध्या गाडीवरून वसुलीला गेलेले दाजी अनेकदा कर्जदाराच्याच बैलांनी ओढून बाहेर काढले होते. ज्याच्या बैलांनी आपल्याला चिखलातून काढलं त्याला ‘कसं करायचं म्हणता?’ विचारणं जड जातं. तेव्हा रानात चालणारी गाडी ही त्यांची रास्त गरज होती.

चाकाखाली लिंबं गेली, दाजींच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कानं, हळदकुंकू लावलं, पेढे वाटून झाले. आणि आठवडा व्हायच्या आत दाजी अंगणात पाट घेऊन गाडीशेजारी बसलेले दिसले. इंजिन सुरू, डोळे मिटलेले, कान टाकीला लावलेला.

‘काय झालं, दाजी?’

‘ऐक की. अडखळतीया.’

मी ऐकलं. इंजिन आपलं बिनतक्रार चाललं होतं.

‘मला तर काही...’

‘मधनंच एक ठोका हुकतोय. पेट्रोल कमी पडतंय तिला. पाव आटा सोडला की बास.’

पाव आटा म्हणजे स्क्रूचा चतकोर फेरा. दुखणं कुठलंही असो, दाजींच्या लेखी ते या मापाच्या पलीकडे कधीच नसे. गाडी बरी होण्यापासून नेहमी पाव आटाच दूर असायची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या मेस्त्रींनी आधी हात जोडले होते. ‘दाजी, गाडी हजार किलोमीटर बी झाली न्हाई. पिस्टन अजून सिलिंडरला वळखत न्हाई. पहिली सर्व्हिसिंग तरी होऊ द्या.’ पण ज्याचं पोट दुसऱ्याच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’वर विश्वास न ठेवण्यावर चालतं, तो असलं काही ऐकणार थोडाच.

कार्बोरेटरचं काम तसं सरळ आहे. हवेची नळी मध्येच आवळलेली असते. आवळलेल्या गळ्यातून जाताना हवा वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब पडतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकाच्या जेटमधून वर येऊन हवेत मिसळतं. व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं आवळलेल्या नळीचा हा गुण १७९७ साली लिहून ठेवला आणि जर्मनीत मायबाख नावाच्या इंजिनिअरनं १८९३ मध्ये त्याच्यावर फवाऱ्याचा कार्बोरेटर बांधला. पेट्रोल पुरतं जळायचं तर वजनानं १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. दाजींनी हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिला. अक्काला तो दूधवाल्याचा हिशेब वाटला. तिनं त्याच्यापुढे ‘दिले’ असं लिहून टाकलं.

आता या कार्बोरेटरात कामाची वाटणी असते. मूठ जेमतेम पिळली असेल तर स्लो जेट आणि मिक्श्चरचा स्क्रू काम करतात. त्यापुढे पाऊण मुठीपर्यंत कारभार सुईचा. मूठ पुरती पिळली की मगच मेन जेटचं राज्य येतं. दाजींनी सगळ्यात आधी काय बदललं, तर मेन जेट. का? तर तो मेन आहे म्हणून. बरं, कोल्हापुरात मूठ पुरती पिळायला जागा कुठं? महाद्वार रोडला माणसं, शाहूपुरीत सिग्नल, रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या, आणि पाणंदीत तर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर कोण जातो! मेस्त्रींनी काढलेला जुना जेट दाजींच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, ‘ह्यो बिचारा अजून कामावर रुजू बी झाला नव्हता, दाजी. तेवढ्यात तुमी बदली केली.’

मग जेटांचा संग्रह सुरू झाला. जेटवर आकडा असतो. कुठल्या कंपनीचा आकडा भोकाच्या व्यासावरून ठरतो, कुठल्या कंपनीचा त्यातून मिनिटाला किती पेट्रोल वाहतं त्यावरून. त्यामुळे इकडचा ११५ आणि तिकडचा ११५ हे सख्खे सोडाच, चुलतभाऊही निघत नाहीत. हे कळेपर्यंत दाजींकडे दोन्ही घराण्यांचे बरेच सदस्य जमा झाले होते. ते ठेवायला त्यांनी अक्काचा जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, सात आकडे. डबा जुना असला तरी जागा जुनीच राहिली, म्हणजे गॅसच्या डाव्या हाताला. एके दिवशी कढईत तेल तापलेलं असताना अक्कानं सवयीनं मोहरीच्या वाटीत बोटं घातली. त्या दिवशी तिनं जे ऐकवलं त्यात कार्बोरेटर हा शब्द पाचसहा वेळा आला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी वेगळं विशेषण होतं.

सुईचं प्रकरण तर उद्यमनगरात अजून सांगतात. मधल्या टप्प्यात थोडं जास्त पेट्रोल हवं तर सुई किंचित उचलावी लागते, आणि त्यासाठी तिच्याखाली बारीक वॉशर घालतात. दाजी एका लेथवाल्याकडे गेले. ऑइल इंजिनाचे सुटे भाग आणि फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग कातण्यात ज्याची हयात गेली असा तो माणूस.

‘अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर पाहिजे.’

‘किती नग?’

‘एक.’

लेथवाल्यानं मशिन बंद केलं. दाजींना खुर्ची दिली, चहा मागवला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. वॉशर त्यानं करून दिला, पैसे घेतले नाहीत. दाजी दुसऱ्या दिवशी परत गेले. पॉइंट पाचनं जरा जास्त झालं होतं, पॉइंट तीनचा मिळेल का? त्यानंतर म्हणे तो लेथवाला दाजींची गाडी कोपऱ्यावर दिसली की शटर अर्धं ओढून घेत असे.

याच गाडीचे काही धनी त्या काळात इंजिनच काढून त्या जागी करिझ्मा या दुसऱ्या गाडीचं २२३ सीसीचं बसवायचे. ताकद हवी तर हा सरळ मार्ग. दाजींना ही गोष्ट कुणी सुचवली की त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसे. ‘कर्ज फिटत नाही म्हणून दुसरं कर्ज काढतात ती माणसं,’ असं ते म्हणाले.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे प्लग सांगतो. गाडी मूठ पुरती पिळून पळवायची, तशीच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, बाजूला थांबून प्लग खोलायचा आणि टोक बघायचं. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी, आणि बिस्किटाच्या रंगाचं असेल तर उत्तम. सगळे मेस्त्री असंच सांगतात. कुठलं बिस्कीट, हे मात्र कुणीच सांगत नाही. दाजींनी हा प्रश्न लावून धरला. चहाच्या वेळी बशीत ग्लुकोज, मारी आणि बेकरीतली नानकटाई अशी रांग आणि शेजारी फडक्यावर प्लग. गल्लीतली पोरं निकाल द्यायला जमत आणि पुरावा खाऊन टाकत.

ही चाचणी करायला ते हायवेवर जात, कारण मूठ पुरती पिळण्याची तीच एक जागा. कागलच्या बाजूला एकदा रस्त्याकडेला थांबून, हातमोज्यात तापलेला प्लग धरून, ते तो उन्हात फिरवत बसले होते. वाहतूक पोलीस आला.

‘काय चाललंय?’

‘रंग बघतोय.’

पोलिसानं गाडीचे कागद मागितले नाहीत. पावती फाडली नाही. वाकून प्लग पाहिला, टोपी मागं सरकवली आणि म्हणाला, ‘काळपट हाय. पेट्रोल जास्त जातंय. पाव आटा आत घ्या.’ दाजी ही हकिगत सांगताना अजूनही हळवे होतात. खात्यात अशी माणसं आहेत म्हणून राज्य चाललंय, असं त्यांचं मत आहे.

या सगळ्याचा वसुलीवर परिणाम होणार नव्हता असं कसं म्हणता येईल? पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाची मूठ एकदम सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट फटाके फुटतात. दाजी पाणंदीत शिरले की हे फटाके दोन फर्लांगांवरून ऐकू जात. कर्जदार निवांत उठे, चहा संपवी आणि मागच्या दारानं उसात जाई. ऊस पुरुषभर उंच. त्यात शिरलेला माणूस पतसंस्थेलाच काय, देवालाही सापडत नाही. एका गावात तर दाजींच्या फटाक्यांवर पोरांना शाळेला पाठवत, कारण ते मंगळवारी बरोबर साडेदहाला येत. उलट जेट मोठा बसवलेला असला की गाडी गुपचूप चाले आणि वसुली चांगली होई. शाखेच्या मॅनेजरना या चढउताराचा उलगडा होईना. त्यांनी दाजींची वसुलीची वही मागवली. एका थकबाकीदाराच्या नावाखाली लिहिलं होतं: ‘११२ ला गुदमरते. ११५ ला सुटली. ११७ ला काळा धूर. अजून पाव बघू.’ मॅनेजरना वाटलं ही हप्त्यांची बोलणी आहेत. सभेत त्यांनी दाजींच्या तडजोडीच्या कौशल्याचा खास उल्लेख केला.

एक गोष्ट मात्र मी पाहिली आहे आणि ती गल्लीत फारशी कुणाला ठाऊक नाही. श्रावणातल्या एका संध्याकाळी गाडी खरोखर नीट झाली. थंड असताना एका किकमध्ये सुरू, स्लोला घड्याळासारखी, मूठ सोडली तर फटाका नाही, पिळली तर अडखळणं नाही, प्लग नानकटाईच्या रंगाचा. मेस्त्रीही म्हणाले, बास, आता हात लावाल तर कट्टी. दाजी घरी आले, गाडी स्टँडवर लावली आणि ओट्यावर बसून राहिले. अक्कानं चहा आणला, तो निवला. बातम्या लागल्या, ते उठले नाहीत. मला वाटलं कुणी गेलं की काय. मी शेजारी बसलो तर म्हणाले, ‘चांगली चालतीया.’ पुढे बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ‘चांगलीच चालतीया.’ वीस वर्षांच्या थकबाकीदारानं एका दिवशी व्याजासकट सगळं भरून टाकल्यावर वसुली अधिकाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पैसे मिळाले, पण आता त्या गावाला जायचं कशासाठी?

सुदैवानं पाऊस उघडला. उन्हं पडली, हवा तापली, आणि तापलेली हवा विरळ होते. दोन दिवसांत दाजी पुन्हा पाटावर बसलेले दिसले. डोळे मिटलेले, चेहरा प्रसन्न. ‘ऐक की,’ म्हणाले, ‘जरा जड चालतीया.’

पन्हाळ्याची सहल याच काळातली. वर जाऊन झुणकाभाकर खाऊ, असं ठरलं आणि मी मागं बसलो. वाघबीळच्या फाट्यावर दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि खिशातून हत्यारं काढली. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा चारेकशे मीटर उंच. वर हवा विरळ, म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त होणार, तेव्हा लहान जेट बसवणं आलं. तत्त्वाला धरून हे अगदी खरं आहे. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्राकाठच्या मानानं दोन तृतीयांशावर येतो, आणि तिथं कार्बोरेटरवाल्या गाड्या खरोखर धापा टाकतात. पण चारशे मीटरला दाब चारपाच टक्के उतरतो, मिश्रणात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो. एवढं तर इंजिनाच्या ध्यानातही येत नाही. हे मी दाजींना सांगितलं नाही, कारण ते तेव्हा गाडीखाली होते आणि त्यांच्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता.

वाटीतलं पेट्रोल माझ्या चपलेवर सांडलं. एक बारका स्क्रू गवतात गेला, तो आम्ही दोघांनी रांगत शोधला. तेवढ्यात शेजारून एक भाजीवाला एम-८० वर दोन पोती कोथिंबीर, बायको आणि एक मूल घेऊन, कुठलाही जेट न बदलता, घाट चढून वर गेला. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कनवाळूपणे म्हणाले, ‘त्याला कळतच नाही तिला किती त्रास होतोय.’

आम्ही वर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. झुणकाभाकरवाल्या बायका चुली विझवून घरी निघाल्या होत्या. शेंगदाणे मिळाले. उतरताना वाघबीळला पुन्हा थांबलो, कारण खाली हवा दाट. या खेपेला बॅटरी धरायचं काम माझ्याकडे होतं.

अलीकडे दाजींना एक नवा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि तो कोल्हापूरकरांच्या घरचाच निघाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण वाढत गेलं आणि २०२२ साली देशात ते सरासरी दहा टक्क्यांपर्यंत पोचलं. पुढल्या वर्षी वीस टक्केवालं पेट्रोलही पंपांवर यायला लागलं. इथेनॉल जाळायला हवा कमी लागते, एका भागाला नऊ भाग पुरतात. म्हणजे जुन्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर ते कमी पडणार. पुन्हा फटाके. आणि यातलं बरंच इथेनॉल येतं कुठून? उसातून. दाजींनी ही साखळी एका संध्याकाळी मला बोटांवर मोजून दाखवली. ज्या उसात त्यांचे कर्जदार लपतात, तोच ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलात येतं, पेट्रोलामुळे गाडी फटाके फोडते आणि फटाके ऐकून कर्जदार उसात पळतो. ‘दोन्हीकडनं मलाच,’ ते म्हणाले. पण गळीत हंगाम सुरू झाला की ते मिसळणाचा डबा पुसून वर काढतात, आणि त्या दिवशी घरात गोडाचं काही केलं तर नको म्हणत नाहीत.

परवा त्यांच्या मुलाला गाडी घ्यायला ते शोरूममध्ये गेले, मलाही नेलं. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, हे दाजींनी ऐकलं होतं, पण ऐकीव गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही. रानात चालणाऱ्या एका उंच गाडीसमोर ते उकिडवे बसले, टाकीखाली मान घातली, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली.

‘मिक्श्चरचा स्क्रू कुठाय?’

‘स्क्रू नसतो, काका. इंजेक्शन आहे. सगळं कॉम्प्युटर बघतो.’

‘आणि हवा विरळ झाली तर?’

‘सेन्सर आहे ना. दाब मोजतो, पेट्रोल आपोआप कमीजास्त होतं.’

‘आपोआप.’

‘आपोआप.’

‘म्हणजे, समजा, पन्हाळ्याला गेलो...’

‘पन्हाळा काय घेऊन बसलात, लडाखला न्या. मध्ये कुठं थांबायला नको, हात लावायला नको.’

मुलगा खूश झाला होता, चावी मागत होता. दाजी उठले. गुडघ्यावरची धूळ झटकली, एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या सेल्समनला म्हणाले, ‘मग पन्हाळ्याला जायचं कशाला?’